एकवीस वॅट

अस्नोड्याच्या पुलाआधी डावा इंडिकेटर दिला
आणि गाडीला धाप लागली.
टिकटिकटिकटिक.
भिंतीवरची पाल एकदा चुकचुकली तर आपण म्हणतो, सत्य आहे.
ही मिनिटाला दीडशेदा चुकचुकत सुटलेली.
मागची कदंबा हॉर्न मारून पुढे गेली,
ड्रायव्हर जाताना वाकून बघून गेला,
बाईला एवढी कसली घाई?

घाई कसलीच नव्हती.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येत होते.
मागच्या सीटवर सुके बांगडे, अळसांद्यांचं बियाणं,
एक नवी केरसुणी.
आणि गाडीच्या चार खोबणींत चार एलईडी,
पिवळेधमक,
आदल्या रविवारी भाच्याने बसवलेले.
"मावशी, दहा वर्षं बघायला नको."
पाचव्या दिवशी बघायला लागलं.

इनासचं गॅरेज म्हणजे फणसाखाली पत्रा,
पत्र्याखाली इनास.
त्याने जुना बल्ब हातात घेतला, काचेला काजळी धरलेला.
"हो एकवीस वॅट खातालो. नवो तीन खाता.
गाडयेक दिसता, दिवो मेलो."
मी वळून पाहिलं.
मेलेला दिवा भर दुपारी
फणसाच्या खोडावर लखलखत होता.

मग त्याने डब्यातून सोनेरी तुकडे काढले,
बोटाएवढे, अंगभर खाचा.
प्रत्येक दिव्याच्या शेजारी एक, तारेला तार समांतर.
प्लास्टिकवर नाही हं, वितळेल,
लोखंडावर, स्क्रू पिळून.
याचं काम काय, मी विचारलं.
खायचं, म्हणाला. खायचं आणि तापायचं.
उजेड?
उजेड नाही.
गाडीला वाटायला हवं, सगळं पूर्वीसारखं आहे.

टिक. टिक. टिक.
पूर्वीसारखंच होतं सगळं.
बघू किती तापतो म्हणून मी बोट लावलं
आणि रात्री त्या फोडावर खोबरेल लावत बसले.

पणजीच्या कचेरीत संगणक आले
त्यानंतरही नऊ वर्षं
मी जावक नोंदवही हाताने भरली होती.
निळी शाई, तांबडा समास, क्रमांक, दिनांक, विषय.
कुणी वाचत नसे.
पण ती टेबलावर दिसली नाही
तर बड्या साहेबांना चैन पडत नसे,
दोनदा शिपाई पाठवत.
पगार मिळाला, वाढीसकट.
निरोपाच्या दिवशी कुणीतरी भाषणात म्हणालं,
शिरोडकरबाईंनी या खात्याचा भार वाहिला.
भार! शब्द अगदी बरोबर होता.
उजेड काय पाडला
ते कुणी काढलं नाही, मीही नाही.

सोमवारी परत गेले.
काढ ते, म्हटलं.
इनासने विचारलं नाही का.
स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणा झाला,
बाहेर नुसते पाय आणि एक चप्पल.
क्लिक करून काडेपेटीएवढी डबी निघाली,
तिच्या जागी दुसरी, दीडशे रुपयांची.
ही विचारत नाही किती खाल्लंस.
ही आपला ताल धरते.

"पूण बाय," हात पुसत तो म्हणाला,
"आतां दिवो खऱ्यांनीच गेलो
तरी गाडी सांगची ना."

म्हणून शनिवारी संध्याकाळी
गाडी फाटकाशी आडवी लावते,
इंडिकेटर टाकते, चावी तशीच ठेवून उतरते.
गुडघे कुरकुरतात, पुढचा बघून होतो,
मागे जाईपर्यंत
समोरच्या बाल्कनीतून झेनिया ओरडते,
अभ्यास सोडून, पेन्सिल दातांत धरून:
"आसा गो, आसा!"
मागलो?
"तोय आसा!"

ते चार सोनेरी तुकडे
वीजबिलांवर ठेवले आहेत, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.
गार असतात.