उसनी जोडी

साठ रुपयांचा क्लॅम्प
दस्तगीरनं नखानं दाबला. मोडला,
टोस्टागत.
"शिसं न्हाई ह्ये. शिशाची साय."

कारखान्याची रांग, रात्रीचे तीन,
पुढच्या ट्रॉल्या सरकलेल्या
आणि माझा ट्रॅक्टर: टिक्. नुसतं टिक्.
मागनं हॉर्न, शिव्या.
फटीत खिळा कोंबून बघितला,
मग तंबाखूच्या पुडीची चांदी.
दसऱ्यापासनं दोन बॅटऱ्या उगाच बदलल्या होत्या मी.

दस्तगीरनं गरम पाणी ओतलं,
हिरवी बुरशी वाहून गेली.
ग्रीसच्या डब्यात बोटं घालून
पितळी जोडी काढली,
उद्यमनगरात त्याच्या बापानं ओतलेली.
"इकायची न्हाई. ऊस संपला की आणून दे."

मार्च गेला. एप्रिल.
ट्रॅक्टर एका किल्लीत उठतो,
आणि शिरोलीला जाताना मी
त्याच्या दुकानापुढनं जात नाही.