काळ्या तिखटाशेजारी

टायफॉइड गेला. जाताना
केसांची लांबी ठेवून गेला, दाटी घेऊन गेला.
भांग रुंदावत गेला
उदगीर-जळकोट रस्त्यासारखा,
पण ना मोजणी, ना नोटीस.

मग ही बाटली मागवली.
कुरियरच्या पोरानं भर गल्लीत विचारलं,
"मॅडम, हेअर फायबर तुमचंच का?"
म्हटलं, शाळेचं प्रयोगाचं सामान आहे.

तसं खोटंही नव्हतं.
केस कोरडे हवेत, ही पहिली अट.
नळाला पाणी दहाव्या दिवशी,
कोरडेपणाला आमच्याकडे काय तोटा.
भांगावर बाटली वाकडी धरायची,
बोटानं टिचकी मारायची,
दह्यावर जिरेपूड भुरभुरतात तशी.
मग तळहातानं हलकेच दाबायचं,
तान्ह्याच्या टाळूवर तेल जिरवावं तसं.
बारीक तंतू उरल्यासुरल्या केसांना धरून बसतात.

मेंढीच्या लोकरीतून काढतात म्हणे हे.
म्हणजे सात-दहाच्या एसटीत
कुठलीशी मेंढी रोज थोडी थोडी
माझ्या डोक्यावर बसून शाळेला येते.
खिडकी मी लावून घेते.
"उकडायलंय की हो मॅडम," कंडक्टर म्हणतो.
उकडू दे.

बाटली काळ्या तिखटाच्या बरणीमागे.
त्या फळीला हात लावणारी घरात मी एकटी,
असं धरून चालले होते.

तीन महिने पुरते, असं वर छापलंय.
दिवाळीनंतर फोडलेली
संक्रांतीआधीच हाताला हलकी लागली.
वाटलं, माझाच हात सैल.
मग एका सकाळी ह्यांच्या उशीच्या
पांढऱ्या खोळीवर काळी भुकटी दिसली,
नेमकी टाळूएवढी.

बोलले नाही काही.
पुढच्या वेळी मोठी बाटली मागवली
आणि बरणीच्या मागे नाही, शेजारी ठेवली.
तेही काही बोलले नाहीत.

परवा विश्वंभरच्या लग्नात,
भर मे महिन्यात, कार्यालयात एकच कूलर,
तोही वरपक्षाकडे तोंड करून.
मानाचा फेटा बांधायला पोरं आली
तर हे दोन्ही हात आडवे धरून,
"नको नको, मला कशाला, दुसऱ्या कुणाला बांधा."
व्याही म्हणाले, केवढा साधा माणूस.
मी अक्षता मुठीत दाबून हसू गिळलं.

मागून दिसलं,
जिथं आरसा पोचत नाही तिथं
घामानं एक ढेप जमली होती.
पाण्याचा तांब्या घेऊन जाता जाता
दोन बोटांनी ती सारखी केली.
ह्यांनी मान वळवली, "काय आहे?"
"कुसळ होतं."
"हं."

परतताना हायवेला लागल्याबरोबर
मी माझ्या बाजूची काच वर केली.
ह्यांनी त्यांच्या बाजूची.
आमच्या गाडीचा एसी
तीन वर्षं झाली, बंदच आहे.