पस्तीस बाय पंचेचाळीस

टिळक रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
अजून तेच स्टूल, एक पाय आखूड,
खाली कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची घडी.
"पासपोर्ट का व्हिसा?" हसबनीसांची सून विचारते.
व्हिसा.

अँटवर्पला माझ्या स्टुडिओत सहा माणसं,
सातवं भाडं, ते सगळ्यांच्या आधी जेवतं.
अंगठ्या, घड्याळं, मधूनच बिअर:
ग्लासावरचा घाम ग्लिसरिनचा,
बर्फ ॲक्रिलिकचा, चार वर्षं वितळलेला नाही.
एका हिऱ्यावरचा धुळीचा कण टिपायला
दोन तास गेले एकदा. त्याचंही बिल लावलं.

इथे एक ते चार शटर खाली.
आत लाल दिव्यात हसबनीस
मला ब्रोमाइड धुवायला शिकवत.
"घाई गिऱ्हाइकाला असते, हायपोला नाही."

"कान दिसू देत. हसू नका."
आणि तीस वर्षांत पहिल्यांदा
हातांचं काय करायचं, सुचत नाही.
उजवा दिवा फडफडतोय,
गालावर सावली पडणार,
ओठांवर आलेलं गिळून टाकते.

आठ प्रती, एकशे वीस रुपये.
मशीन मात्र नऊ कापतं.
"ही राहू दे इथेच, काचेखाली?"
मी पर्समध्ये सुट्टे शोधत राहते.