पार्श्वभूमी वजा करताना

सेगेदला तिसा नदीवर धुकं उतरलं की
तळमजल्यावरचा पंप जरा खोल आवाजात घुमतो.
तीन दिवस भट्टीसारखा तापवलेला कक्ष,
अंगभर चंदेरी कागद, जत्रेतल्या सोंगासारखा.
आत काही नाही.
जवळजवळ काही नाही.
आणि नखाएवढा ऱ्होडियमचा तुकडा.

झडप मी केसभर उघडते.
कार्बन मोनॉक्साइड येतो,
कार्बन खाली, ऑक्सिजन वर,
एकाच अणूवर ठाण मांडलं
तर दोन हजार सत्तरला थरथरतो.
दोन अणूंच्या मधे टेकला
तर आवाज उतरतो, अठराशे पन्नासच्या आसपास.
दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात.
इथे उलटं:
दोघांकडून घेतो,
आणि आतली त्याची स्वतःची गाठ
सैल होत जाते.

धातूचा कायदा सरळ आहे:
उभ्याने थरथरेल तेवढंच दिसेल.
आडवं झालं की त्याचंच प्रतिबिंब
त्याला पुसून टाकतं.
दाद ना फिर्याद.

हे देझ्योकाकांनी शिकवलं.
मोज्यांवर सँडल, खिशात सूर्यफुलाच्या बिया.
डिटेक्टरमध्ये द्रव नायट्रोजन ओतताना ओरडायचे,
"श्वास धर, पोरी! याला तुझ्या पोटातलं कळतं."
स्वतः मात्र ओतता ओतता
शिट्टी वाजवायचे.

काल कपाटामागे त्यांची गुंडाळी सापडली.
नोव्हेंबर सत्याऐंशी. शाई तपकिरी.
दोन हजार सत्तरला खणखणीत खळगा,
आणि तिकडे, तेवीसशे पन्नासजवळ,
जिथे काहीच असायला नको,
एक जोडशिंगी ओरखडा:
खोलीतल्या हवेतला,
कुणाच्या तरी छातीतून आलेला कार्बन डायऑक्साइड.
शेजारी पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:
"हा मी. दुर्लक्ष करा."

गेल्या मार्चमध्ये त्यांना पोचवून आलो.
पाऊस नव्हता, वारा होता,
पाद्रीबाबांचं अर्धं बोलणं उडून गेलं.

संगणक विचारतो, पार्श्वभूमी वजा करू?
हो म्हणते. रोजच म्हणते,
नाहीतर लेख कोण छापणार.
पहाटे तुकडा अडीचशे अंशांच्या वर नेते,
सगळे उठून जातात,
पृष्ठभाग कोरा.
कोण कुठे बसलं होतं,
किती घट्ट,
त्याला काही आठवत नाही.

ड्रॉवरच्या खाचेत बियांची टरफलं आहेत अजून.
साफ करायचं राहिलंय.
नायट्रोजन संपत आला, कॅन उचलते,
वाफ हातांवरून खाली घरंगळते,
आणि श्वास धरायचं
आज लक्षातच राहत नाही.