शेऱ्याचा रकाना

नोटीस मीच लॅमिनेट केली होती.
गरम रुळांतून निघाली तेव्हा
डाव्या कोपऱ्यात हवेचा एक फुगा राहून गेला.
बोटाने दाबला; सरकला, गेला नाही.
‘कामाच्या जागी फक्त इंग्रजी. सुरक्षेसाठी.’
ब्रेकरूम ही कामाची जागा का,
असं अगदी ओठांवर आलं होतं.
पण एकवीस वर्षं झाली या कारखान्यात,
आणि घराचे हप्ते अजून चार वर्षांचे.

मिनेसोटाच्या या गावात टर्कीशिवाय दुसरं काही नाही.
साखळीवर उलटे टांगलेले पक्षी,
त्यांच्यापुढे जाळीत केस बांधलेल्या बायका:
होदान, नॉ ए पॉ, पेत्रोना.
नोटीस लागली त्या दिवसापासून
डबे उघडायचे, तोंडं नाहीत.
मायक्रोवेव्ह तेवढा गुणगुणायचा.
त्याला कुणी मेमो दिला नाही.

मग तो मंगळवार.
मी काचेमागे, हजेरीची पानं लावत.
होदानचा हातमोजा साखळीत गेला
आणि पेत्रोना ओरडली.
एकच शब्द.
काच, यंत्रं, कानांतले बोळे
सगळं ओलांडून आला.
होदान सोमालियाची, पेत्रोना ग्वाटेमालाच्या डोंगरातली;
एकीच्या भाषेतलं दुसरीला ओ की ठो कळत नाही.
होदानने हात मागे घेतला.
मोजा गेला. बोटं पाचही राहिली.

संध्याकाळी ड्वेनने माझ्या टेबलावर फॉर्म ठेवला.
नियमभंग, पहिली ताकीद.
‘भाषा’ या रकान्यात लिहिलेलं: स्पॅनिश.
पेत्रोनाने त्यावर बोट ठेवलं, मान हलवली.
दुभाष्यांच्या फोनवर स्पॅनिशसाठी दोन दाबा,
सोमालीसाठी पाच.
माम भाषेसाठी काहीच दाबता येत नाही.
आणि खाली, सहीच्या वर, इंग्रजीत:
‘वरील मजकूर मी वाचला व मला समजला.’

दुभाषा मिळायला तीन दिवस लागले.
कॅलिफोर्नियातला कुणी, घरांची छपरं घालणारा;
शिडीवरूनच बोलत होता, मागे वारा.
म्हणाला, ती म्हणते,
मी होदानशी बोललेच नाही,
मी तिच्या हाताशी बोलले.
मी टाइप केलं.
शेऱ्याचा रकाना दोन ओळींचा.
‘तिच्या’वर संपला.

त्या रात्री मी उशिरा थांबले.
फ्रिजशेजारी, कागदी कपांच्या खोक्यांआड
कामगारांच्या हक्कांचं सरकारी पोस्टर असतं,
लावावंच लागतं म्हणून लावलेलं.
खोकी मीच रचली होती, मागच्या नाताळात,
दुसरीकडे जागा नव्हती.
(जागा होती.)
ती उतरवली. पोस्टर ओल्या फडक्याने पुसलं.
खालचा नंबर तळहातावर लिहून घेतला,
शाळेतल्या पोरीसारखा,
आणि सकाळी पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, फिरवला.

तक्रारीला क्रमांक मिळालाय, लांबलचक.
ताकीद अजून फाइलमध्येच आहे.
ड्वेन मला गुड मॉर्निंग म्हणत नाही.

काल ब्रेकरूममध्ये, त्या नोटिशीखालीच,
मी पेत्रोनाला तो शब्द विचारला.
तिने म्हटला. मी म्हटला.
ती घास तोंडात असतानाच हसली.
नॉ ए पॉच्या घशात तो मध्येच अडकला.
मग होदानने म्हटला,
एकदाच ऐकलेला,
अगदी बरोबर.