सावली : मध्यम

दिवसभर मी रक्त मोजते, रात्री फ्रेम.
काल रात्री बावीस आल्या.
रिपोर्टात असता
तर हा आकडा लाल शाईनेच लिहिला असता.

यंत्र जुनं, हॉस्पिटलच्या लिलावातलं,
पाठीवर अजून पांढऱ्या रंगात 'क्ष-किरण विभाग, २'.
खेळ चालतो, पण सगळं बंद करून:
गवत बंद, धुकं बंद, पाण्यातलं प्रतिबिंब बंद,
सावल्या बंद.
माझा घोडा बर्फातून जातो
आणि त्याच्या पायाखाली काहीच पडत नाही,
जसा कागदातून कापून वर ठेवलाय.

अठरा हजार साठले. दोन वर्षांची रात्रपाळी
आणि एक न घेतलेलं कानातलं.

जयेंद्रगंजात गुरनानी काउंटरवर खोकी मांडतो.
"मॅडम, भतीजे के लिए?"
मी म्हणते, हो.
चाळिशीच्या बाईला एवढं खोटं माफ असावं.
तीन पंखे, आत रंग बदलणारा दिवा,
"मक्खन चलेगी." चोवीस हजार, वरचे हप्त्याने.
मी पर्समधून शिवणाची टेप काढते.
अठ्ठावीस सेंटिमीटर. माझ्या डब्यात जागा पंचवीस,
पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा.
"पिंजरा काट देंगे," म्हणतो, इतक्या सहज.

मग लोकेंद्र भदौरियाचं, वापरलेलं, साडेअकरा.
पडावपाशी भेटला. कार्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं.
"दीदी, एक ही हाथ का चला है."
स्क्रूंची डोकी झिजलेली, पंख्याला
रात्रंदिवस राबलेल्या तेलाचा वास.
चहा पिऊन 'उपाशी आहे' सांगणारे
रोज माझ्यापुढे हात पसरून बसतात.
हा मुलगा एकदाही नजर चुकवत नव्हता,
तेच खटकलं.

हे सगळं खरं तर पाल्हाळ.
प्रश्न वॉटचा आहे.

मे महिन्यात रात्री दीडला वीज जाते
आणि घर इन्व्हर्टरवर येतं. नावाला साडेआठशे,
खरे सहाशेऐंशी.
त्यातले साडेतीनशे नानांचे.
पलंगाशी ते यंत्र हवेतून प्राणवायू वेचत बसतं,
फुस्स, थांब, फुस्स.
पंख्याचे सत्तर. उरले दोनशे साठ.
मोठं कार्ड एकटंच दोनशे मागतं,
प्रोसेसर आणि पडदा वेगळाच.
भार वाढला की इन्व्हर्टर आधी कुणाला सोडेल
हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

वहीच्या मागच्या पानावर बेरीज तीनदा केली.
नाना जागे होते. "कसला हिशेब गं?"
"कार्डाचा."
"रेशनच्या?"
"नाही. सावल्यांच्या."
त्यांनी मान हलवली, जणू कळलं.
चिटणीसांच्या गोठीपासून कंपूपर्यंत
पंचेचाळीस डिग्रीत सायकलवरून टपाल वाटलेला माणूस.
कुठल्या भिंतीला किती वाजता सावली, तोंडपाठ.

शेवटी घेतलं ते छोटंसं. एकच पंखा,
वेगळी वायर नको,
मदरबोर्डातूनच पंच्याहत्तर वॉट ओढतं.
चौदा हजार दोनशे. गुरनानीने असं बांधून दिलं
जसं श्रीखंडाच्या गिऱ्हाइकाने ताक मागावं.
उरलेल्यात बॅटरीचं पाणी, नानांच्या नव्या नळ्या,
बाकी परत डब्यात.

रात्री दीडला गेली, वेळेवर.
पंखा दचकला, मग फिरत राहिला.
फुस्स, थांब, फुस्स.
गवत मी बंदच ठेवलं. पाणीही.
फक्त एक खूण सरकवली: सावली, मध्यम.
अठ्ठेचाळीस फ्रेम. सामान्य मर्यादेत.

घोडा बर्फात थांबला आणि
त्याच्या पायाशी एक निळसर काळा डाग सांडला,
कडा जरा दातेरी,
पण त्याचाच.
मोहीम होती, डोंगरापलीकडे जायचं होतं.
बराच वेळ मी त्याला
तिथेच उभा ठेवला.