उघडल्यावर दिसेल ते वेगळं

गुणाजी च्यारी शिडीवरून उतरला,
कानामागची पेन्सिल काढली
आणि कागद मागितला.
घरात कागद होते ते कदंबचेच.
बत्तीस वर्षं कंडक्टर, फोंडा-पणजी, पणजी-फोंडा.
एक कोरं वेबिल सापडलं, त्याच्या पाठीवर त्याने लिहायला घेतलं.

जमीन चौऱ्याण्णव चौरस मीटर.
छप्पर एकशे तीस.
मी म्हटलं, घर तर तेच ना रे?
म्हणाला, उताराचेही पैसे पडतात.

कौलं सतराशे, अडतीसने.
आढ्यावरची साठ, ती सत्तरने.
लाकूड मत्तीचं, एक लाख नव्वद हजार.
लोखंडी पाइप घातलेस तर निम्म्यात होईल,
पण मग मला बोलावू नकोस, वेल्डरला बोलाव.
मजुरी मीटरला साडेआठशे.
ताडपत्री, बांबू, सुंभ मिळून अठरा हजार.
टेम्पोचे नऊ,
कारण सावईच्या आमच्या वळणावर ट्रक वळत नाही.

माकडं त्याने हिशेबात धरली नाहीत.
फणस धरले की ती येतात
आणि नवं कौल, जुनं कौल असा भेद करत नाहीत.

बेरीज मी केली. तोंडी. सवय आहे.
तीन लाख शहाण्णव हजार तीनशे.
सुलक्षाने आतून विचारलं, किती?
मी आकडा सांगितला
तो बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावा तसा,
आणि मग बराच वेळ आत भांडं वाजलं नाही.

वास्कोच्या भावाला फोन केला.
तो म्हणाला, राहतोस तू.
खरं आहे.
छप्पर उताऱ्यावर पाच जणांचं,
गळतं ते माझ्या एकट्याच्या खाटेवर.

जुनी कौलं घ्यायला आसगावहून एक माणूस आला,
पांढरे बूट घालून.
पाठीवरचे छाप बघून त्याने सहाशे निवडली,
बावीसला एक.
शेवाळ खरवडू नका म्हणाला,
शेवाळाचेच पैसे आहेत.
तेरा हजार दोनशे वजा.

कागदाच्या तळाशी गुणाजीने एक ओळ लिहिली होती,
आकडा नसलेली:
उघडल्यावर दिसेल ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी आढं उघडं पडलं.
गुणाजी वरच बसून राहिला.
पोरगे खाली रिपा मोजत होते, त्यांना ओरडलाही नाही.
शेवटी मला म्हणाला, वर ये. शिडी मी धरतो.
वर बसून शिडी कशी धरणार, हे मी विचारलं नाही.

आढ्याच्या कुशीला पटाशीने कोरलेलं,
अक्षरं फणसाच्या चिकासारखी काळी पडलेली:
सन १९५७. बाबलो च्यारी.
येणे ११ रुपये ४ आणे.

बाबलो म्हणजे गुणाजीचा बाप.
येणे म्हणजे माझ्या बापाकडून.

माझा बाप बुडवणारा नव्हता.
सुट्टे नसतील.
मीही तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचो,
दोन रुपये, पाच रुपये, उतरताना घ्या,
आणि माणसं उतरून जायची,
काही विसरून, काही लाजून.
दिवसाकाठी पिशवीत उरायचं काहीतरी.
बत्तीस वर्षांचं किती, ते मी कधी जोडलं नाही.

गुणाजीने बोटाच्या पेराने लाकूड वाजवलं.
एकदा बद्द. दुसऱ्यांदाही बद्द.
वाळवी होती, मलाही ऐकू आलं.
तो म्हणाला, ठणठणीत आहे, राहू दे.
मी म्हटलं, बदल.
त्याने करवत घेतली, हातभर तुकडा कापला
आणि स्कूटरच्या डिकीत ठेवला.
डिकी लागेना. सुंभाने बांधली.

संध्याकाळी आगाऊ पन्नास हजार दिले.
वर अकरा रुपये, वेगळे, मोजून.
तेव्हाचा रुपया पोर्तुगीज, आताचा हा,
भाव काय लावायचा ते दोघांनाही कळेना.
त्याने घेतले.

चार आणे मात्र नव्हते.
चार आणे आता कोणाकडेच नाहीत.
राहू दे रे, तो म्हणाला.

वेबिलाच्या पाठीवर जागा नव्हती,
तिथे सगळं छप्पर होतं.
मी कागद उलटला.
मार्ग, फेरी, वाहकाचं नाव, सगळे रकाने रिकामे.
वाहकापुढे माझं नाव घातलं,
आणि खाली लिहिलं:
देणे, चार आणे.